विमानवेड्यांची बाजू

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. माझ्या नातवाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा एक विमान टाकलं होतं. काळं, चपटं, वटवाघळासारखं. बहीण म्हणाली, "अगं, चौदा वर्षांचा झाला तो. या बॉम्बच्या विमानांचं कसलं वेड? जरा समजाव त्याला."

समजावायचं काम मी आधीच करून बसले आहे आणि त्यात माझीच फजिती झाली आहे. ती तिला फोनवर सांगता आली नाही, म्हणून इथे लिहिते. ती हे पान वाचते, हे मला ठाऊक आहे!

लढाऊ विमान मला परकं नाही. माझी निम्मी नोकरी ओझरच्या आसपासच्या शाळेत गेली. तिथे विमानांचा कारखाना. मिग डोक्यावरून गेलं की खिडकीची तावदानं थरथरायची आणि वर्गातली पोरं एका क्षणात खिडकीशी. पानिपतची लढाई तिथेच थांबायची. मी ओरडायची, पण खरं सांगते, मीही बघायची. त्यातली दोन-तीन मुलं आवाजावरून विमान ओळखत. त्यांना इतिहासात काठावर मार्क असायचे, म्हणून मी त्यांना 'लक्ष नसलेली मुलं' या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

तर, मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. ती वुल्व्हरहॅम्प्टनला असते. तिथून जवळच कॉसफर्ड नावाचं गाव आहे आणि तिथे ब्रिटिश हवाई दलाचं मोठं संग्रहालय. प्रवेश फुकट. नातू मला हाताला धरूनच घेऊन गेला म्हणा ना.

तिथे एका प्रचंड दालनात शीतयुद्धाच्या काळातली तीन बॉम्बफेकी विमानं आहेत: व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला अणुबॉम्ब घेऊन खूप उंचावरून, खूप वेगाने, खूप दूर जाऊन परत येणारं विमान हवं होतं. त्या एका गरजेतून तीन कंपन्यांनी तीन निराळी विमानं काढली. मला पेपर तपासल्याची आठवण झाली. एकच प्रश्न आणि तीन विद्यार्थ्यांची तीन उत्तरं. व्हॅलियंट म्हणजे सरळ, धोपट, वेळेत लिहून दिलेलं उत्तर. व्हिक्टर म्हणजे अतिहुशार मुलाचं, चंद्रकोरीसारखे पंख आणि माशासारखं नाक. आणि व्हल्कन... व्हल्कन म्हणजे चक्क एक त्रिकोण.

हा त्रिकोण आला कुठून, हे मला नातवानेच समजावलं, आणि चांगलं समजावलं. वेगासाठी पंख मागे झुकवले, तर ते लांब, बारीक आणि जड होतात. मग शेपटीचे आडवे पंख काढून टाकले आणि मुख्य पंख नि धड यांच्यामधली मागची रिकामी जागा भरून काढली की उरतो त्रिकोण. पंख जाड, त्यामुळे इंजिनं आणि इंधन त्यातच मावतं. रॉय चॅडविक या इंजिनियरच्या देखरेखीखाली ही कल्पना आकाराला आली. महायुद्धातलं लँकेस्टर विमानही त्याचंच. पण १९४७ साली दुसऱ्याच एका विमानाच्या चाचणीत तो गेला. व्हल्कन पहिल्यांदा उडालं ते १९५२ साली. त्याने ते पाहिलं नाही.

विमान खरंच देखणं आहे. चौतीस मीटर रुंदीचा तो पंख डोक्यावर आला की मान आपोआप मागे जाते. नातू त्याच्याकडे असा बघत होता की मला राग आला. का आला? १९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद चिकटवून अंधारात बसलेली आमची पिढी आहे. भोंगा वाजला की पोटात गोळा यायचा. मी म्हटलं, "अरे, एक अख्खं शहर जाळायला बनवलंय हे. त्याला सुंदर कसं म्हणवतं तुला?" जरा जोरातच म्हटलं. शेजारचे एक आजोबा वळून बघायला लागले.

तो काही बोलला नाही. मला आधी व्हॅलियंटकडे नेलं. ते शुभ्र पांढरं आहे. म्हणाला, "आजी, हा पांढरा रंग कशासाठी माहीत आहे? आपणच टाकलेल्या अणुबॉम्बचा झोत विमानावर पडला तर तो परतवण्यासाठी. पुढे पुढे तर हवाई दलाचं लाल-निळं चिन्हसुद्धा फिकट रंगवायचे, गडद रंग जास्त तापतो म्हणून." मग पुन्हा व्हल्कनपाशी, त्याच्या नाकाखाली. तिथला एक दरवाजा दाखवून म्हणाला, "यात पाच जण बसायचे. पुढे दोन वैमानिक. त्यांना उडत्या खुर्च्या होत्या, दांडी ओढली की बाहेर. मागे तीन जण, पाठमोरे बसलेले. त्यांना तशा खुर्च्या नव्हत्या. त्यांनी उठायचं, या दरवाजाने खाली उडी मारायची. आणि चाकं बाहेर काढलेली असली तर पुढच्या चाकाचा खांब बरोब्बर या दरवाजाच्या मागे."

१ ऑक्टोबर १९५६. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा करून आलेलं व्हल्कन लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होतं. पाऊस, धूसर हवा. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं आणि चाकं निखळली. दोन्ही वैमानिक खुर्च्यांसकट बाहेर पडून वाचले. मागचे चौघे गेले. त्या दिवशी सहवैमानिकाच्या जागेवर एक एअर मार्शल बसले होते, आणि खरा सहवैमानिक मागे. पुढे १९६० साली मागच्या जागेवरूनही उडती खुर्ची चालते, हे एका व्हॅलियंटमधून प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं. तरीही त्या तिघांना ती शेवटपर्यंत मिळाली नाही. व्हल्कन १९८४ पर्यंत सेवेत होतं.

हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाने तोंडपाठ सांगितलं. मी बी. ए. इतिहासवाली. शीतयुद्ध पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दोन गट, शस्त्रस्पर्धा, परिणाम लिहा, गुण पाच. त्या तीन खुर्च्या माझ्या धड्यात कधीच नव्हत्या.

म्हणून आता माझं मत बदललं आहे. विमानवेड्यांना आपण युद्धखोर म्हणतो, ते चूक आहे. विचित्र आकाराचं विमान त्यांना खेचतं, कारण त्या आकारामागे कोणीतरी सोडवलेलं एक अवघड गणित असतं. आणि गणित नीट बघायचं तर कुठे काय कापलं, कोणाला काय दिलं नाही, हेही बघावंच लागतं. वरवर बघणारे आपण असतो. २६ जानेवारीला टीव्हीवर विमानं गेली की टाळ्या वाजवतो आणि चहाला उठतो. गेल्या सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा आमच्या प्रत्येक ग्रुपवर तो व्हिडिओ आला, डोळ्यांत पाणी आणणारं संगीत लावून. त्याच विमानाच्या अपघातात २००१ साली आपला वैमानिक मुलगा गमावलेल्या कविता गाडगीळ यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले होते, लढा दिला होता. माझ्या किती ग्रुपवर त्यांचं नाव आलं? एकाही नाही. ओझरच्या खिडकीतल्या त्या दोन-तीन मुलांना कदाचित ठाऊक असेल.

इंग्लंडातल्या वेड्यांनी तर कमाल केली. एक निवृत्त व्हल्कन त्यांनी वर्गण्या काढून, सरकारी लॉटरीच्या निधीची मदत मिळवून दुरुस्त केलं आणि २००७ साली पुन्हा उडवलं. २०१५ पर्यंत ते उडत होतं. इंजिनाचा जोर वाढला की त्यातून हंबरडा फोडल्यासारखा आवाज येतो. तो ऐकायला लोक तासन् तास रस्त्याच्या कडेला उभे राहत. मला विचाराल तर एवढा पैसा मी त्यात घातला नसता. पण देवळाच्या कळसाला वर्गणी देणाऱ्यांनी त्यांना हसू नये, एवढं नक्की.

आता त्यांच्याविरुद्धही एक सांगते, नाहीतर नातू म्हणेल, आजी फितली. विमानात बसलेल्यांचं यांना सगळं ठाऊक असतं, खाली उभं असलेल्यांचं कमी. १९७५ साली माल्टात एक व्हल्कन हवेतच पेटून तुटलं आणि झब्बार नावाच्या गावावर कोसळलं. दोन वैमानिक वाचले, मागचे पाच गेले, हे नातवाला पाठ होतं. खाली रस्त्यावर एक बाईही गेली. तिच्याबद्दल त्याने सांगितलं, पण सगळ्यात शेवटी, मी "आणि खाली?" असं विचारल्यावर. तेच त्या पांढऱ्या व्हॅलियंटचं. मे १९५७ मध्ये प्रशांत महासागरातल्या माल्डन बेटाजवळ ब्रिटनच्या हायड्रोजन बॉम्बची पहिली चाचणी झाली. तो बॉम्ब याच विमानाने टाकला. अशा चाचण्यांच्या वेळी बेटांवर आणि जहाजांवर हजारो साधे सैनिक उभे होते. त्यांच्यासाठी पदक जाहीर व्हायला २०२२ साल उजाडलं. तोवर त्यातले किती उरले होते? त्या विमानासमोर मी बराच वेळ उभी होते, नातू मात्र लगेच पुढे गेला. त्याला ते विमान आवडत नाही. फार साधं आहे म्हणे!

यावरून आमचा वाद परतीच्या गाडीत झाला, घरी पोळ्या करताना झाला आणि अजून फोनवर चालू आहे. त्याचं म्हणणं, विमानातल्या माणसांची नावं तरी लिहिलेली सापडतात, खालच्यांची कुठे शोधायची? मुद्दा बिनतोड आहे. पण शोध म्हणून सांगणं हे माझं काम, आणि निवृत्त झाले म्हणून ते सुटत नाही.

सध्या तो व्हल्कनचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडतोय. पांढरं रंगवू की हिरवं-करडं, म्हणून विचारत होता. कॉसफर्डचं व्हल्कन हिरवं-करडं आहे. १९८२ साली फॉकलंडच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला पहिल्यांदा तेच निघालं होतं, पण खिडकी नीट बंद होईना म्हणून अर्ध्यातून परत फिरलं आणि राखीव विमान पुढे गेलं. एका खिडकीपायी! त्यामुळे ते त्याचं लाडकं. मी म्हटलं, तू पांढरं कर. आणि मागे तीन माणसं बसवणार का, असंही विचारलं. म्हणाला, "अगं आजी, बाहेरून दिसणारच नाहीत ती." मी म्हटलं, "नसू देत, बसव तरी."

अजून रंग वाळायचाय म्हणे. फोटो आला की इथे टाकते.