शेतकऱ्याचें नवें घर आणि विजेचा खर्च

शेतकऱ्याच्या आयुष्यांत घर बांधण्याचा प्रसंग बहुधा एकदांच येतो. बैल खोटा निघाला तर त्यास बाजार दाखवितां येतो, बियाणें फसलें तर पुढील हंगाम असतो. परंतु घर चुकलें तर तें दोन पिढ्यांस भोगावें लागतें. म्हणून ह्या विषयाकडे आम्ही आमच्या वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या रुंद दगडी भिंती व त्यांवर माळवदाच्या मातीचें ओझें, हें त्या अनर्थाचें मोठें कारण होय. तेव्हांपासून जुन्या बांधणीचें भय लोकांच्या मनांत बसलें, आणि तें रास्तच आहे. ज्याची ऐपत होती त्यानें स्लॅब घातला, इतरांनीं पत्रे घातले. मात्र माळवदाखालीं वैशाखांतहि मिळणारा गारवा त्याबरोबर गेला. ती उणीव आतां पंखे व कूलर भरून काढीत आहेत, आणि त्याचा आकार दर महिन्यास बिलांत दिसतो. ऐन दुपारीं वीज गेली म्हणजे घरांतील म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें ह्यांचे हाल पाहवत नाहींत.

ह्याचें कारण गूढ नाहीं. आपल्या प्रदेशांत मे महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळें ऊन भिंतींपेक्षां छपरावर अधिक पडतें. उघडा स्लॅब तें दिवसभर शोषून घेतो व रात्रीं तीच उष्णता खालीं सोडतो. पत्रा तर लागलीच तापतो. तेव्हां घराच्या गारव्यासाठीं खर्चावयाचा पहिला रुपया छपरावर खर्चावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उपाय साधे आहेत. होळी झाली कीं स्लॅबवर चुन्याचे दोन पांढरे हात द्यावे. पांढरा पृष्ठभाग बरेंच ऊन परतवून लावतो. पावसानें चुना धुवून जातो, म्हणून हें काम दरवर्षीं करावें. ज्यांस एकदांच खर्च करणें परवडतें त्यांनीं गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी बसवावी. गोठ्याच्या पत्र्यासहि चुना द्यावा. संकरित गाय उन्हानें धापा टाकूं लागली म्हणजे तिचें दूध घटतें, हें वाचकांस सांगणें नको. मात्र जुन्या सवयीनें स्लॅबवर मातीचा जाड थर कोणीं चढवूं नये. तें वजन पेलण्यास स्लॅब बांधला आहे कीं नाहीं, हें अभियंत्यास विचारल्यावांचून असें धाडस करणें म्हणजे किल्लारीचा धडा विसरणें होय.

नवें घर बांधणारांनीं समोरासमोर खिडक्या ठेवाव्या, त्यांवर पुरेसे छज्जे काढावे, व पश्चिमेच्या भिंतीबाहेर कडुनिंब लावावा. विटांच्या बांधकामांत लॉरी बेकर ह्यांनीं केरळांत रूढ केलेली पोकळ रचना विचारांत घेण्याजोगी आहे. तींत विटा उभ्या लावून मध्यें पोकळी ठेवतात; त्यामुळें सुमारें चतुर्थांश विटा वांचतात, त्या भाजण्याचें जळण वांचतें, आणि कोंडलेल्या हवेमुळें ऊन आंत कमी शिरतें.

पंख्याची गोष्ट ह्यानंतरची. कारण तापलेल्या खोलींतील पंखा तापलेलीच हवा फिरवितो. तरीहि जुना पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी जातीचा सुमारें ३० वॅट. रोज १२ तास धरल्यास उन्हाळ्याच्या १५० दिवसांत एका पंख्यामागें सुमारें ८० युनिटें वांचतात.

कोणी म्हणतील, कीं हे विचार मोठ्या वाड्यांचे आहेत. आम्हांस उलट वाटतें. केंद्र सरकारनें २०१८ सालीं घरांसाठीं ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली खरी, पण तिचा रोख मोठ्या इमारतींकडे आहे. घरकुल योजनेंतील २५ चौरस मीटरांच्या घरांत मात्र एक खोली तापली तर कुटुंबास दुसरीकडे जावयास जागा नसते. अशा घरांच्या आराखड्यांत पांढरें छप्पर, छज्जे व समोरासमोर खिडक्या असाव्या, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेनें करावा आणि त्यासाठीं आमच्या वाचकांनींच पुढाकार घ्यावा. विहीर खोदतांना आपण पाण्याचा विचार शंभरदां करतों. घर बांधतांना उन्हाचा एकदां तरी करावा.