गाडी खाली बसवण्याचा शौक आणि धंद्याचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या स्प्रिंगशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले गॅरेज चालवतात, स्पेअर पार्ट विकतात. जी मुले धंद्यात नाहीत त्यांना गाडीचा शौक आहे. गाडी जमिनीपासून दोन बोटे खाली बसवली की ती रुबाबदार दिसते, हे आम्हालाही मान्य आहे. प्रश्न रुबाबाचा नाही, तो किती किमतीत पडतो याचा आहे.

सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचा एक वेढा गॅस कटरने कापणे. हे काम काही मिनिटांत होते आणि मजुरीही थोडी लागते. पण त्यात नुकसान तिहेरी आहे. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्के कडक होते. कटरच्या आचेने पोलादाला दिलेले पाणी उतरते. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लटकले की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलू शकते. थान चुकीच्या ठिकाणी फाडले तर कटपीस म्हणून तरी विकता येते. कापलेल्या स्प्रिंगचे कटपीस होत नाही, त्यावर माणसे बसतात.

दुसरा मार्ग म्हणजे तयार आखूड स्प्रिंग घ्यायची आणि जुने शॉकअप तसेच ठेवायचे. इथे अर्ध्या बचतीचा मोह असतो. स्प्रिंग वजन पेलते, पण ती दाबली की उसळते. ही उसळी आवरण्याचे काम शॉकअप करतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीची उष्णता होते. स्प्रिंग कडक झाली की आवरण्याची ताकदही वाढायला हवी. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपमध्ये ती आधीच कमी झालेली असते. मग चाक रस्त्यावर टिकत नाही, ब्रेक लांबतो, वळणावर गाडी भरकटते. शिवाय गाडी खाली आल्याने शॉकअपचा दांडा आत ढकललेला राहतो आणि लहानशा खड्ड्यातही बम्प स्टॉपरवर आपटतो. ताणा घट्ट आणि बाणा सैल ठेवला तर कापड बिघडते. इथेही तोच कायदा आहे.

म्हणून निवड करायचीच असेल तर आमच्या मते क्रम असा असावा. आधी किती खाली आणायचे ते ठरवा. सार्वजनिक रस्त्यासाठी पंचवीस-तीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. मग स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कारखान्याचा जुळवलेला संच घ्या, तोही आपल्याच मॉडेलचा आणि पुढचा-मागचा वेगळा. शॉकअप कमी लांबीचा हवा. बम्प स्टॉपर आणि वरचे रबर नवे टाका. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासा. उंची फिरवून बदलता येणारे कॉइलओव्हर चांगले असतात, पण कोकणच्या पावसात त्यांच्या आट्यांत चिखल आणि गंज बसतो. ज्याला दर पावसाळ्यानंतर ते उघडून साफ करायचा आळस आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

रस्त्याचाही विचार हवा. आपल्याकडच्या साध्या मोटारीखाली रिकामी असताना साधारण १६० ते १७० मिलिमीटर जागा असते. पाच माणसे आणि सामान भरले की ती आणखी कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. त्यावरून उतरवलेली गाडीही बहुधा जाते. पण गल्लीत लोकांनी रातोरात घातलेला उंचवटा अरुंद आणि उभा असतो. तो थेट पोटाला लागतो.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख असा की, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला कारण मिळते ते वेगळेच.

जर्मनीत हा शौक मोठा आहे आणि धंदाही मोठा आहे. आयबाख, बिलस्टाइन ही नावे तिथलीच. पण तिथे उतरवलेल्या स्प्रिंगबरोबर तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि गरज असेल तिथे अधिकृत तपासनीस गाडी पाहून मान्यता देतो. आमचे म्हणणे असे की, सरकारनेही अशीच वाट काढावी. पुण्यात एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था आहे. तपासलेला संच, शिक्का मारलेला कागद आणि पक्के बिल असेल तर गिऱ्हाईक सुरक्षित राहील आणि आमच्या मुलांचा हुनर उजळ माथ्याने चालेल.

तोवर गॅरेजवाल्यांना आमचा सल्ला एवढाच की स्प्रिंग कापायला साफ नकार द्या. गिऱ्हाईकाला वर सांगितलेला हिशेब ऐकवा. ज्याला वेगाचा शौक आहे त्याला कोइमतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकचा रस्ता दाखवा. आणि ज्याला फक्त गाडी वळणावर घट्ट हवी आहे, त्याला मूळ मापाचे नवे शॉकअप जोडीने बसवून द्या. दहापैकी निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके तेवढ्यानेच खूश होतील, असा आमचा अंदाज आहे. शंभर रुपयांची मजुरी सोडली तर धंदा बुडत नाही. एका घरचा मुलगा गेला तर मात्र ते नुकसान कुठल्याच वहीत भरून निघत नाही.