बंद पेटी आणि उघडा कागद

आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटावरून आजोबा आणि नातू यांच्यात गेली दोन वर्षे जो सरहद्दीचा तंटा चालू आहे, त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. वरच्या दोन फळ्यांवर माझ्या कागदी इमारती उभ्या आहेत. खालच्या दोन फळ्यांवर त्याच्या त्या प्रचंड मस्तकाच्या, काळ्याभोर वाटोळ्या डोळ्यांच्या, वीतभरही न भरणाऱ्या मूर्ती, कोणी चित्रपटातला जादूगार तर कोणी जपानी चित्रकथेतला योद्धा, खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. आणि मधली फळी, जिच्यावर पूर्वी घरातली अत्तरदाणी आणि गुलाबदाणी असे, ती कोणाच्या अमलाखाली हे दर रविवारी नव्याने ठरते. घरी येणारी वडीलधारी मंडळी दोन्ही दौलतींकडे सारख्याच अनुकंपेने पाहतात. एकाने उतारवयात कागद कापत बसावे आणि दुसऱ्याने कोवळ्या वयात बाहुल्यांवर खाऊचे पैसे घालवावेत, हे त्यांच्या मते एकाच कुळाचे दोन दोष होत. या आरोपाला उत्तर देण्यासाठी मी दोघांचेही वकीलपत्र घेतले आहे. मात्र माझ्या धाकट्या अशिलाच्या बाजूचा एक मुद्दा मला स्वतःलाच मान्य नाही, आणि त्याची वाच्यता पुढे करावी लागणार आहे.

लहान मूर्ती जमवून त्या ओळीने मांडण्याला मराठी माणसाने तरी हसू नये. चैत्रगौरीपुढे पायऱ्यांची आरास करून, तिच्यावर सावंतवाडीच्या लाकडी फळांपासून चिनी मातीच्या कुत्र्यापर्यंत घरातील यच्चयावत चित्रे मांडून, ती पाहावयास हळदीकुंकवाच्या निमित्ताने सगळ्या आळीला बोलावणारा आपला समाज आहे. दिवाळीच्या किल्ल्याची गोष्ट तर याहून स्पष्ट. विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर रचावा, त्यावर अळीव पेरावेत, गादीवर महाराजांना बसवावे आणि मग कुंभारवाड्यातून आणलेले मावळे तटावर उभे करावेत. त्यांत मावळा बुरुजाहून उंच, गुहेतला वाघ गवळणीच्या घागरीएवढा आणि पायथ्याशी एखादे विमानही असे, तरी प्रमाणाबद्दल कोणी हरकत घेत नसे. गेल्या साली तोफ राहिली म्हणून या साली तोफ आणावयाची, ज्याचा हात मोडला त्याला गवतात अर्धा लपवावयाचा, आणि शेजारच्या वाड्यात घोडेस्वार तीन आहेत हे ध्यानात ठेवून आईजवळ चौथ्यासाठी हट्ट धरावयाचा: संग्राहकाचे सगळे व्याकरण आम्ही त्या चिखलात बसून शिकलो. फरक एवढाच, की कुंभाराच्या पाटीतला मावळा उचलून, उलटापालटा करून, त्याची मिशी सरळ आहे काय हे पाहून घेण्याची मुभा होती. या मुभेचे महत्त्व तेव्हा कळले नाही.

कागदी प्रतिकृतींची कुळकथा सांगताना प्रतिष्ठितांची नावे घ्यावी लागतात, म्हणून पाहुण्यांपुढे ती मला विशेष प्रिय आहे. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली भूमितीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने घनाकृती कडांवरून उकलून कागदावर सपाट पसरून दाखविल्या. कापा, दुमडा, चिकटवा या आमच्या त्रिसूत्रीचा हा जणू पहिला दस्तऐवज. फ्रान्समधील एपिनाल या गावी पेलरँ याने १७९६ मध्ये काढलेल्या छापखान्यातून पुढे शिपायांचे आणि इमारतींचे कापावयाचे तक्ते गावोगाव गेले. जर्मनीतील एस्लिंगेन येथे १८३१ साली स्थापन झालेल्या श्रायबर या प्रकाशनसंस्थेचे नाव तर या छंदात अजूनही आदराने घेतले जाते. एदो काळातील जपानात नाटकातले आणि नगरातले प्रसंग छापील कागद कापून उभे करण्याची रीत होती आणि होकुसाईसारख्या थोर चित्रकारानेही असे कागद काढले. पोलंडमध्ये १९५७ पासून 'मावी मोदेलाश' नावाचे नियतकालिक निघू लागले. दुकानात खेळणी दुर्मिळ असलेल्या त्या काळात विमाने आणि जहाजे मुलांच्या हाती अंकाच्या पानांतून पोहोचली. आज तर एखाद्या जपानी कॅमेरा-कंपनीच्या संकेतस्थळावरून राजवाड्यांचे आणि प्राण्यांचे तक्ते फुकट उतरवून घेता येतात आणि घरच्या छपाईयंत्रावर जाड कार्डशीटवर छापता येतात. खर्च शाईचा, कागदाचा आणि डोळ्यांचा.

मी पहिला दीपस्तंभ केला तो वाकडा झाला, कारण दुमड घालण्यापूर्वी रेघेवर कोरावे लागते हे मला ठाऊक नव्हते. संपलेले बॉलपेन पोलादी पट्टीच्या कडेने दाबून फिरवावे, म्हणजे कागदाचे तंतू नेमके तेथे नमतात आणि घडी सुईसारखी पडते. कापलेली पांढरी कड त्याच रंगाच्या पेन्सिलीने झाकावी. फेविकॉल बोटाने न लावता आगकाडीच्या टोकाने लावावा, नाहीतर भिंतीला पोपडे येतात. या गोष्टी शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला, घोटीव कागदाच्या पट्ट्या विणताना किंवा आकाशकंदिलाला खळ लावताना थोड्या कळल्या होत्या. पण कागदाचा खरा स्वभाव त्याहून खोल आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो. चेंडू मात्र काही केल्या होत नाही, आणि म्हणून घुमट करावयाचा तर संत्र्याच्या फोडींसारख्या निमुळत्या पट्ट्या कापून त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. कोणत्या कडा कापाव्या आणि कोणत्या राखाव्या हा निवाडा आता संगणक करतो. तथापि प्रत्येक बहिर्वक्र घनाकृती तिच्या कडांवरून कापून, एकसंध आणि कोठेही स्वतःवर न चढणाऱ्या अशा सपाट आकृतीत उलगडता येते काय, हा प्रश्न शेफर्ड या ब्रिटिश गणितज्ञाने १९७५ साली मांडला आणि तो आजतागायत सुटलेला नाही. ज्या विषयातला इतका साधा प्रश्न गणितज्ञांच्या दप्तरात अनिर्णित पडून आहे, तो विषय बालिश म्हणावयाचा असेल तर म्हणावा.

या छंदाचे मर्म मला उशिरा उमगले. तक्ता हाती येतो तेव्हा त्यात काहीही झाकलेले नसते. प्रत्येक तुकडा, प्रत्येक खिडकी, प्रत्येक चिकटपट्टी क्रमांकासहित समोर पसरलेली असते, आणि एवढे सगळे डोळ्यांपुढे असूनही त्यातून घुमट कसा उठणार हे कळत नाही. सतरावा तुकडा अठराव्याला मिळतो आणि एकाएकी सपाट कागदाला पोट येते. ते आश्चर्य कोणी लपवून ठेवलेले नसते. आपल्याच हातांनी ते आपल्यापुढे येते.

येथे प्रतिपक्षाला एक कबुलीजबाब देणे मला प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कागदी रंगभूमीचे तक्ते साधे घेतल्यास एका पेनीला आणि रंगीत घेतल्यास दोन पेन्यांना मिळत, आणि लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८४ साली आपल्या या बालपणीच्या वेडावर एक निबंधच लिहिला. त्यात रंगीत तक्ता विकत घेणाऱ्या मुलाविषयी त्याने जी नाराजी व्यक्त केली आहे ती मला पूर्णपणे पटते, परंतु सगळे रंगवून झाले की मजा गेली, असेही त्याने त्याच निबंधात प्रांजळपणे मान्य केले आहे. माझ्या वरच्या दोन फळ्यांचे तेच आहे. पुऱ्या झालेल्या राजवाड्याकडे मी क्वचित पाहतो. त्यावरची धूळ सौभाग्यवतीच झटकतात. तेव्हा आजोबांचे सुख करण्यात आणि नातवाचे सुख मिळविण्यात, आणि दोघांचेही मिळून झाल्यावर संपणारे, हा आमच्यातला समान दोष पाहुण्यांनी खुशाल नोंदवून ठेवावा.

आता धाकट्या अशिलाकडे वळतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९८ साली निघालेल्या फंको कंपनीने २०१० मध्ये 'पॉप' मालिकेतल्या मूर्ती बाजारात आणल्या आणि थोड्याच वर्षांत जगातला असा एकही लोकप्रिय चित्रपट, खेळाडू वा गायक उरला नाही, ज्याचे मस्तक फुगवून त्या एकाच साच्याच्या चेहऱ्यात बसवले गेले नाही. कलेच्या दृष्टीने मला त्यात फारसे काही दिसत नाही. परंतु पेटीला समोरून झरोका असतो, मूर्ती दिसते, किंमत दिसते, आणि मुलगा आपल्या पसंतीने घेतो. यात वाईट ते काय? वाईट असलेच तर ते दुर्मिळपणाच्या भ्रमात आहे. शिवराई दुर्मिळ होते ती काळाने बाकीच्या गिळल्या म्हणून; येथे दुर्मिळपणा कारखान्याचा मुनीम ठरवतो, आणि त्याचाही हिशेब चुकतो. २०२३ च्या मार्चमध्ये याच कंपनीने जाहीर केले, की वखारीत मावेनासा झालेला तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलर किमतीचा माल आपण नष्ट करणार आहोत. नातवाला ही बातमी मी वाचून दाखविली. त्याने त्यांतल्या काही मूर्ती आपल्याला का पाठवीत नाहीत, एवढेच विचारले.

माझा मतभेद आहे तो बंद पेटीशी. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये आपल्या चित्रपुस्तकांतून निर्माण केलेले, उंच कानांचे आणि करवती दातांचे लबूबू नावाचे पिशाच्च आता शाळेच्या दप्तरांना लटकताना आपण पाहतो. पॉप मार्ट या चिनी कंपनीने ते जगभर नेले, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्याची माणसाच्या उंचीची एक मूर्ती बीजिंगच्या लिलावात १० लाख ८० हजार युआनला गेली. पिशाच्चाबद्दल माझी तक्रार नाही. मला ते आवडते. तक्रार आहे ती विक्रीच्या रीतीबद्दल. पेटीत कोणता नमुना आहे हे फोडल्यावाचून कळत नाही, आणि मालिकेतला जो गुप्त नमुना, त्याचे प्रमाण पुष्कळदा ७२ पेट्यांत एक असे असते. प्रत्येक पेटीची सोडत स्वतंत्र धरून हिशेब केला तर असे निघते, की १०० मुलांनी प्रत्येकी ७२ पेट्या घेतल्या तरी त्यांपैकी ३६ हून अधिक मुलांच्या हाती तो गुप्त नमुना लागणार नाही. आमच्या घरी आलेल्या सहा पेट्यांत तीन एकसारख्या निघाल्या. चौथ्या खरेदीच्या वेळी नातू पेटी कानाशी धरून हलवू लागला आणि सहावी आणली तेव्हा त्याने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ग्रॅमचा फरक वहीत टिपला. मूर्तीविषयीचे त्याचे बोलणे मात्र त्या दिवसांत जवळजवळ बंद झाले होते. मला भीती वाटली ती या वहीची.

यावर असे म्हणता येईल, की हे काही नवे नाही. इटलीतल्या चॉकलेटच्या अंड्यात खेळणे लपविण्याची युक्ती १९७४ ची, आणि जपानी कंपनी बांदाई नाणे टाकून चेंडू मिळणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात १९७७ साली उतरली. आणि आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात चिठ्ठ्या चिकटवलेला पुठ्ठा टांगलेला नसे काय? असे, आणि त्यावर मी माझे कित्येक आणे घालविले आहेत. परंतु त्या पुठ्ठ्यावर किती चिठ्ठ्या उरल्या हे दिसत असे, आणि मोठे बक्षीस आमच्या वाण्याने आधीच काढून ठेवले होते हे उघडकीस आल्यावर आळीतल्या मुलांनी त्याच्याशी आठवडाभर बोलणे टाकले. त्या दूरच्या कारखान्याशी अबोला कसा धरावा?

चीनने स्वतःच्या घरी याची दखल घेतली आहे. २०२३ च्या जूनमध्ये तेथील बाजार-नियामक खात्याने मार्गदर्शक नियम काढून आठ वर्षांखालील मुलांना अशा पेट्या विकण्यास मनाई केली, त्याहून मोठ्या अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक ठरविली आणि नमुने मिळण्याचे प्रमाण जाहीर करावयास सांगितले. आपल्याकडे खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून मानक चिन्ह सक्तीचे आहे, म्हणजे रंगातल्या शिशाची आणि टोकदार कडेची चौकशी सरकार करते. आणि बांधीव मालाविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा मालाचे नाव, वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी पत्ता छापावा लागतो. आत माल कोणता हे गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे, हे तत्त्व मान्य असता, पेटीतील मालाऐवजी केवळ संभव विकणाऱ्याला त्या संभवाचे प्रमाण लपविण्याची सवलत का असावी, याचे उत्तर मला कोणत्याही कायद्याच्या भाषेत सापडत नाही.

माझा अर्ज अगदी लहान आहे. वैधमापन खात्याने बांधीव मालाविषयीच्या या नियमांच्या पुढच्या दुरुस्तीत एक कलम वाढवावे: ज्या पेटीतील नमुना बाहेरून दिसत नाही, तिच्यावर प्रत्येक नमुन्याचे प्रमाण, किमतीच्या अक्षरांएवढ्याच मोठ्या अक्षरांत, छापलेले असावे, आणि एकट्या आलेल्या लहान मुलाला ती विकली जाऊ नये. कलम होईतो पालकांनी दुकानदाराला ते प्रमाण तोंडी विचारावे, आणि त्याला ते सांगता आले नाही तर पेटी फळीवर परत ठेवावी.