चेहरा आपला, छायाचित्रही आपलेच

जबलपूरच्या मराठी घरांतील आजी-आजोबा नातवंडांना भेटण्यासाठी परदेशी निघतात, यात आता नवल राहिलेले नाही. व्हिसाचा अर्ज असो वा बँकेत खाते उघडणे असो, छायाचित्र लागतेच. मे महिन्याच्या उन्हात वृद्धांना किंवा तान्ह्या बाळाला घेऊन स्टुडिओ गाठण्यापेक्षा ते घरीच मोबाइलवर घेणे केव्हाही शहाणपणाचे. पारपत्रापुरती एक गोष्ट मात्र आधी ध्यानात घ्यावी. आपल्या देशात प्रौढ अर्जदाराचे छायाचित्र पारपत्र सेवा केंद्रातच टिपले जाते. ४ वर्षांखालील बालकाचे तेवढे, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, सोबत न्यावे लागते.

घरचा कॅमेरा खरा उपयोगी पडतो तो येथे. बाळाला खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर उताणे निजवावे आणि सावली न पाडता वरून छायाचित्र घ्यावे. डोळे उघडे हवेत. गालावरची तीट आणि डोळ्यांतले काजळ तेवढ्यापुरते पुसावे. आजीला हे रुचणार नाही. पण दृष्ट नंतरही काढता येते!

मोठ्यांनी उजेडाच्या खिडकीकडे तोंड करून बसावे. भिंतीला टेकून बसल्यास मागे सावली उमटते, म्हणून दोन हात पुढे सरकावे. भिंत निळी-हिरवी असेल तर पांढरी चादर टांगावी. छायाचित्र दुसऱ्याने, मागच्या कॅमेऱ्याने, चार-पाच फुटांवरून घ्यावे. हात लांबवून स्वतःच टिपल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात.

परंतु खरा धोका आहे तो मोबाइलच्या आगाऊ सौजन्याचा. न मागता तो सुरकुत्या पुसतो, वर्ण उजळतो, तीळ नाहीसा करतो. लग्नाच्या अल्बमात हे शोभेल. ओळखपत्रावर मात्र तो तीळ आणि त्या सुरकुत्या याच माणसाची खूण असतात. विमानतळावरचा अधिकारी समोरच्या चेहऱ्याशी छायाचित्र ताडून पाहतो, आणि दहा वर्षांनी तरुण झालेले आजोबा त्याला अनोळखीच वाटणार. अमेरिकेच्या व्हिसासाठी तर असे फेरफार केलेले छायाचित्र चालत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्माही चालत नाही. म्हणून चेहरा सुंदर करणारी सोय आधी बंद करावी. पार्श्वभूमी कापून पांढरी करणारी ॲप्सही टाळलेली बरी. ती बहुधा केसांचा वा कानाचा कोपरा कातरतात.

छपाईसाठी स्टुडिओ हवाच. ४ बाय ६ इंची कागदावर अशा ८ प्रती बसतात. हाती आल्यावर पट्टीने मोजून घ्याव्यात. तेथे ‘थोड़ा साफ़ कर दूँ?’ असा आपुलकीचा प्रश्न येईल. त्याला हसून नकार द्यावा.