एक किलोमीटर उजेड

आमच्या घरात आजमितीला पाच बॅटऱ्या आहेत आणि वीज गेली की आम्ही मेणबत्ती शोधतो. हे वाचून ज्यांना हसू आले असेल, त्यांनी आधी आपल्या घरातल्या बॅटऱ्या मोजाव्यात, मग हसावे. बॅटरीला पुस्तकात विजेरी म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण "अहो, विजेरी आणा, पाल पडली!" असे आमच्या सौभाग्यवती आजवर कधी ओरडल्याचे स्मरत नाही. आमच्या नगरकडे (कागदोपत्री आता अहिल्यानगर) हातातल्या दिव्याला बॅटरीच म्हणतात आणि तिच्या पोटात जे घालतात त्याला सेल.

पाचांपैकी पाचवी बॅटरी तीन वर्षांपूर्वी घरात आली. निमित्त आमच्या मेहुण्यांचे. आबाचा अकोले तालुक्यात प्रवरेच्या काठी चार एकर ऊस आहे. उसाला पाणी लागते, पाण्याला मोटार लागते, मोटारीला वीज लागते आणि वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळीने येते. त्यात शिवारात बिबट्या दिसल्याची बोलवा उठली. हिने फर्मावले, "आबाला चांगली दणकट बॅटरी घेऊन द्या." बायकोच्या भावासाठी करायची खरेदी काटकसरीने करता येत नाही, हे विवाहितांना सांगायला नको.

कापडबाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने वरवंट्याएवढी काळी वस्तू काचेवर ठेवली. "काका, मिलिटरीवाले हीच वापरतात. रेंज एक किलोमीटर!" असे म्हणून त्याने ती फरशीवर आपटून दाखवली. फरशीचा टवका उडाला, बॅटरी शाबूत. मी भारावून गेलो. मला अंधारात एक किलोमीटरवरचे नेमके काय बघायचे आहे, हा प्रश्न तेव्हा सुचला असता, तर दीड हजार रुपये आणि हा लेख दोन्ही वाचले असते.

तर मार्गशीर्षातली रात्र, साडेबाराची वेळ. आबा मोटार चालू करायला निघाला आणि मीही आपली बॅटरी घेऊन मागोमाग. आबाच्या हातात त्याच्या वडिलांच्या वेळची पितळी 'जीवनसाथी', दोन सेलची. मला तिची कीव आली. मी माझे बटण दाबले. पांढऱ्याशुभ्र उजेडाचा सोटा उसावरून, नदीवरून थेट पलीकडच्या वस्तीवरच्या कुणाच्यातरी भिंतीवर जाऊन आदळला. चार कुत्री भुंकली. अंधारातून "कोण हाय रं तिकडं?" अशी हाळी आली.

"दाजी, लांबचं राहू द्या. पायाशी धरा," आबा म्हणाला.

पायाशी धरली, तर ओल्या बांधावर ताटाएवढा गोल झळाळला आणि ताटाबाहेर काळाकुट्ट अंधार. डोळे दिपले ते दिपलेच. माणसाच्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोडायला एक बटण पुरते. उजेड कमी करावा म्हणून पुन्हा दाबले, तर ती तमाशाच्या दिव्यासारखी फडफडू लागली. आणखी दाबले, तर तीन लहान, तीन लांब, तीन लहान अशी उघडमीट सुरू झाली. समुद्रात बुडणाऱ्या जहाजाने मदत मागायची ही मोर्सची खूण. आता अकोल्याच्या उसात ती वाचणार कोण? वाचणारे सगळे तारखात्यात होते आणि आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली.

मी असा जगाला संकेत पाठवीत असताना आबाने आपला पिवळट दिवा गुडघ्याच्याही खाली धरला आणि हळूच म्हणाला, "दाजी, हलू नका."

दोन हातांवर घोणस वेटोळे घालून बसली होती. कुकरची वाफ सुटावी तसा तिचा आवाज येत होता. मला तो इतका वेळ मोटारीचा वाटला होता. आम्ही उभे राहिलो. किती वेळ, ते विचारू नका. मग ती सावकाश उसात निघून गेली. माझ्या हातातले जहाज अजून बुडतच होते.

तेव्हापासून माझे मत रोखठोक झाले आहे. एक किलोमीटर पल्ल्याची बॅटरी गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नसून दुकानदाराच्या उपयोगाची वस्तू आहे. हा पल्ला म्हणजे काय, ते मी नंतर खोदून काढले. त्याचे एक अमेरिकन प्रमाण आहे. जिथे झोत पोचतापोचता पौर्णिमेच्या चांदण्याइतका मंद होतो, तिथपर्यंत पल्ला धरायचा. म्हणजे दीड हजार मोजून मी एक किलोमीटरवर पौर्णिमा विकत घेतली होती, जी पंचांगवाले दरमहा फुकट देतात! पल्ला दुप्पट करायचा तर झोताची प्रखरता चौपट लागते. तेवढा सेल लवकर खलास होतो आणि बॅटरी तापते ती वेगळीच. "इतके तास चालते" या आकड्याचीही तीच गत. उजेड सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंतचे सगळे तास त्यात धरलेले असतात. दहा रुपयांतला एक उरला तरी पगार चालूच आहे म्हणण्यापैकी हा प्रकार. आणि हे झाले प्रमाण पाळणाऱ्यांचे; बाजारातल्या कित्येक खोक्यांवरचे आकडे तर नुसतीच काव्यरचना असते.

"पण बिबट्याचे काय?" असे आमचे भाचे विचारतात. बिबट्या आहेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकोल्याच्या परिसरात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले, तेही माणसांच्या वस्तीला लागून, उसात. पण बिबट्याचे डोळे उजेड स्वतःच परत फेकतात. ते चमकताना दिसायला साधी बॅटरी पुरते. साप बिचारा काहीच परत फेकत नाही. तो पायाशी असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. त्यांना एक किलोमीटर नको होता, तीन पावले हवी होती.

म्हणून जुने तेच सोने असेही मी म्हणत नाही. पत्र्याच्या बॅटरीत सेल पाझरायचे, स्प्रिंग गंजायची आणि मागून दोन थपडा दिल्याखेरीज ती पेटायची नाही. आजचा एलईडी शंभर पटींनी बरा. फक्त तो निवडताना दुकानातल्या झगझगाटात निवडू नका. दुकानदाराला मागच्या अंधाऱ्या खोलीत न्यायला सांगा. डोळे मिटून बटण सापडते का पाहा. पहिल्या दाबाला मंद उजेड येतो का पाहा. पायाशी धरल्यावर ताट दिसते की अंगण, ते पाहा. सेल काढता येतो आणि तसलाच दुसरा तालुक्याच्या गावी मिळतो, याची खात्री करा. कंबरेच्या उंचीवरून पडली आणि पाटात भिजली तरी चालली पाहिजे. आणि मागे दोरी अडकवायला भोक हवे. कारण बॅटरीपेक्षा महत्त्वाचा असतो खिळा. आबाची बॅटरी दाराजवळच्या खिळ्याला असते, म्हणून ती अंधारात सापडते. आमच्या पाचांना खिळा नाही, म्हणून मेणबत्ती.

इतके ज्ञान गोळा करून मी आबाला अशी गुणी बॅटरी नेऊन दिली. त्याने ती हातात तोलली, पेटवून पायाशी धरली. "ब्येस आहे," म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "दाजी, बॅटऱ्या किती देचाल? दिवसा लाइट मिळाली तर रातच्याला उसात जातंय कोण?"

यावर मला उत्तर सुचले नाही. कारण तो म्हणत होता ते माझ्या साऱ्या लेखाला पुरून उरणारे होते. दिवसाची वीज शहरांना आणि कारखान्यांना लागते, म्हणून रात्रीची शेताला. आणि त्या रात्रीसाठी आपण बॅटऱ्यांचे पल्ले मोजत बसतो. शेताला दिवसा वीज द्यायची, म्हणून २०१७ साली राज्याने सौर कृषी वाहिनी योजना काढली. आरंभीच्या प्रकल्पांतला एक आमच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. जिथे ती वीज पोचली, तिथली माणसे रात्री झोपतात. बॅटरीच्या कोणत्याही खोक्यावर हा गुण छापता येणार नाही.

आबापर्यंत ती अजून पोचायची आहे. कधीकधी रात्री साडेबाराला मला जाग येते. "या आठवड्यात आबाची पाळी दिवसाची का रात्रीची?" मी अंधारात विचारतो.

ही जागीच असते. "रात्रीची," म्हणते.