खोकताना लघवी सुटणे वयावर ढकलू नका



बाळंतपणानंतर, वय वाढले की खोकताना-शिंकताना लघवी सुटायचीच, फार झाले तर गर्भपिशवी काढून टाकावी, हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. मी दिग्रसला स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी करते. लघवी सुटते ती हे स्नायू सैल झाल्याने, आणि गर्भपिशवी काढल्याने ते बळकट होत नाहीत. त्यांना व्यायाम लागतो, आणि अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्येच मांडला आहे. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, सोडायचे. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मात्र लघवी करताना मध्येच धार रोखून हा सराव करू नये.

कापूस वेचणाऱ्या बाया गाठोडे उचलताना लघवी सुटेल म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि घरी कुणाला सांगतही नाहीत. हे मौन जुनेच आहे. डॉक्टर दांपत्य राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या (१९८९). ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आपले पत्रलेखक याच मौनाला वय म्हणतात, याचे वाईट वाटते.

अंग बाहेर आले असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

– एक फिजिओथेरपिस्ट, दिग्रस