मोहन किती घालायचं?

गेल्या दिवाळीत चकलीच्या भाजणीत मोहन किती घातलंस, हे आईनं मला चारदा विचारलं. पाचव्यांदा म्हणाली, “तू कुणाची गं, बाळ?” माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला.

म्हातारपणी विसरायचंच, अशी माझी समजूत. पण १९९३ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की चरबी वाहून नेणारं प्रथिन घडवणाऱ्या ‘एपीओई’ जनुकाचा ‘ई-४’ हा प्रकार वारशानं आला, तर अल्झायमरचा धोका वाढतो. धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. तो प्रकार असूनही कित्येकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते. शिवाय २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगानं मध्यम वयात वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल हे स्मृतिभ्रंशाच्या आटोक्यात आणता येण्याजोग्या कारणांत घातलं.

आईबाप निवडता येत नाहीत. रक्त मात्र तपासता येतं. यंदा भाजणी दळायच्या आधी मी ते तपासून घेतलं. आकडा वाढलेला निघाला. आता रोजचं चालणं आणि डॉक्टरांची गोळी.

चकल्या होतीलच, मोजक्या. मोहन मीच घालीन, पण आईला विचारून. अधूनमधून तिला अजून बरोब्बर आठवतं.